तीस दिवसांचं अर्धायुष्य : भोपाळहून पाहिलेली क्वालिसची वाटचाल

डिसेंबर २०२३मध्ये मध्य प्रदेशच्या ई-नगरपालिका पोर्टलवर सायबर हल्ला झाला आणि राज्यातल्या चारशेहून अधिक नगर संस्थांची ऑनलाइन कामं ठप्प झाली. मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले हे सगळं त्या एकाच प्रणालीला बांधलेलं होतं. दाखला हवा असलेला माणूस खिडकीवर जायचा आणि ‘सर्व्हर बंद आहे’ एवढं ऐकून परत यायचा. भोपाळ राजधानी असल्यामुळे इथे या विषयावर बोलणाऱ्यांची वाण नव्हती. हल्ला कुणी केला, खंडणी मागितली का, डेटा परत मिळेल का, हे प्रश्न सगळीकडे विचारले गेले. सरकारी संगणक प्रणालींच्या आसपास वावरणाऱ्या माणसाच्या मनात मात्र आणखी एक प्रश्न असतो, आणि तो एका पोर्टलपुरता नसतो. आपल्याकडच्या कुठल्याही सर्व्हरचं शेवटचं स्कॅनिंग कधी झालं आणि त्यात जे निघालं त्याचं पुढे काय झालं?

हा प्रश्न माणसाऐवजी यंत्राने विचारावा, आणि वर्षातून एकदा नव्हे तर रोज विचारावा, ही कल्पना ज्या संस्थांनी सुरुवातीच्या काळातच धंदा म्हणून उभी केली, त्यांतली एक म्हणजे क्वालिस. कंपनी कॅलिफोर्नियाची, पण आज तिची निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं पुण्यात बसतात आणि तिचे प्रमुख सुमेध ठाकर हे पुणे विद्यापीठाचे संगणक अभियंते. भोपाळच्या मराठी घरांतली बरीच मुलं अभियांत्रिकी संपवून पुण्याची गाडी धरतात. त्यांना या कंपनीचं नाव माहीत असतं. तिने काय केलं आणि काय करू शकली नाही, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं.

क्वालिसच्या आधीचा काळ थोडा पाहायला हवा. ५ एप्रिल १९९५ रोजी डॅन फार्मर आणि व्हिट्झे व्हेनेमा या दोघांनी ‘सेटन’ नावाचं एक साधन इंटरनेटवर खुलं केलं. नेटवर्कवरच्या यंत्रांची दारं ठोठावायची, आतून काय उत्तर येतं ते पाहायचं आणि माहीत असलेल्या त्रुटी सापडल्या की यादी करायची, एवढंच त्याचं काम. पण गहजब झाला. हे साधन चोरांच्या हाती पडेल, असा आरडाओरडा वर्तमानपत्रांनी केला आणि फार्मर यांना नोकरी सोडावी लागली. सप्टेंबर १९९७मध्ये गॉर्डन लायन यांनी ‘फ्योदोर’ या टोपणनावाने ‘एनमॅप’ प्रसिद्ध केलं. कोणत्या यंत्रावर कोणते पोर्ट उघडे आहेत हे सांगणारं हे साधन आजही प्रत्येक तपासनीस पहिल्या पाच मिनिटांत चालवतो. १९९८मध्ये रेनो देरेझों या फ्रेंच तरुणाने ‘नेसस’ लिहिलं आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी मोकळा ठेवला. २००५मध्ये तो कोड बंद झाला, तेव्हा जुन्या आवृत्तीवरून काही जणांनी ‘ओपनव्हास’ उभं केलं.

नेसस आलं त्याच सुमारास, सप्टेंबर १९९९मध्ये, मायटर या अमेरिकी संस्थेने त्रुटींना सामायिक क्रमांक द्यायला सुरुवात केली. ‘सीव्हीई’ नावाच्या या क्रमांकांच्या पहिल्या यादीत ३२१ नोंदी होत्या. त्याआधी एकाच त्रुटीला प्रत्येक कंपनी आपापलं नाव द्यायची, त्यामुळे दोन साधनांचे रिपोर्ट एकमेकांशी ताडून पाहायची सोयच नव्हती. क्रमांक आले आणि स्वयंचलित तपासणीला पाया मिळाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी वाखाणलेली घटना आहे.

क्वालिसची स्थापना १९९९चीच. फिलीप लांग्लुआ आणि जिल सामून हे संस्थापक. कंपनीला बळ आणि दिशा मात्र दिली ती फिलीप कुर्तो यांनी. कुर्तो मूळचे फ्रेंच, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. ते चालवत असलेली ‘सीसी मेल’ ही ईमेल कंपनी १९९१मध्ये लोटसने विकत घेतली होती. क्वालिसमध्ये आधी त्यांनी पैसे घातले आणि २००१मध्ये कंपनीची सूत्रंच हाती घेतली. डॉट-कॉमचा फुगा तेव्हा नुकताच फुटला होता आणि गुंतवणूकदार हात आखडून बसले होते. कुर्तो यांनी पदरचे पैसे घालून कंपनी तगवली.

त्यांचं उत्पादन, ‘क्वालिसगार्ड’, डिसेंबर २०००मध्ये बाजारात आलं. त्याचं वेगळेपण तपासणीच्या बुद्धीत फारसं नव्हतं. ती नेससकडेही होती. वेगळेपण होतं रचनेत. ग्राहकाने काहीच विकत आणून बसवायचं नाही, ब्राउझर उघडायचा, आपले आयपी पत्ते द्यायचे आणि क्वालिसच्या सर्व्हरनी बाहेरून तपासणी करून रिपोर्ट द्यायचा. आज आपण याला क्लाउड म्हणतो आणि त्यात काही विशेष वाटत नाही. २०००मध्ये ‘आमच्या नेटवर्कच्या कमजोर जागांची यादी परक्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवायची?’ हा प्रश्न ग्राहकांना पडायचा. प्रश्न रास्त होता. त्यावर क्वालिसचं उत्तर असं की नव्या त्रुटीची तपासणी आम्ही एकदा लिहिली की त्याच रात्री ती सगळ्या ग्राहकांना मिळते, कुणी काही अपडेट करायची गरज उरत नाही. आतल्या नेटवर्कसाठी त्यांनी एक लहानशी पेटी दिली. ती कार्यालयाच्या आत बसते, आतली यंत्रं तपासते आणि निकाल बाहेर पाठवते.

हे यंत्र नेमकं काय करतं ते जवळून पाहू, कारण यातच त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही आहेत. आधी ते पत्त्यावर कुणी जिवंत आहे का बघतं. मग पोर्ट. २२ उघडा असेल तर तिथे बहुधा एसएसएच, ४४३ असेल तर वेब सर्व्हर. प्रत्येक सेवेला हाक मारली की ती आपलं नाव आणि आवृत्ती सांगते. ही आवृत्ती यादीशी ताडायची. इथेच पहिला गोंधळ होतो. सेंटओएस ७ किंवा रेड हॅट ७ चालवणारा सर्व्हर आपली ओळख ‘ओपनएसएसएच ७.४’ अशी देतो. ही आवृत्ती जुनी आहे, तिच्यानंतर अनेक त्रुटी निघाल्या. पण रेड हॅट त्या त्रुटींचे पॅच जुन्या आवृत्तीतच मागे नेऊन बसवतं आणि आवृत्तीचा आकडा तसाच ठेवतं. बाहेरून पाहणारं यंत्र सर्व्हर धोक्यात आहे असं सांगतं. प्रत्यक्षात तो दुरुस्त झालेला असतो. म्हणून क्वालिसच्या रिपोर्टमध्ये रंग आहेत. खात्रीने सिद्ध झालेली त्रुटी लाल, शक्यता असलेली पिवळी आणि निव्वळ माहिती निळी. तीव्रता १ ते ५. यंत्राला सर्व्हरचं लॉगिन देऊन आत जाऊ दिलं, तर ते बसवलेल्या पॅकेजांची खरी यादी वाचतं आणि पिवळ्यातलं बरंच काही गळून पडतं. ज्या कार्यालयात असं लॉगिन देऊन केलेलं स्कॅन मान्य नसतं, तिथे जाडजूड रिपोर्ट तयार होतो, त्यातला निम्मा पिवळा असतो, आणि तो वाचून कंटाळलेला कर्मचारी लाल पानांकडेही दुर्लक्ष करतो. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की आता रिपोर्ट हातात आल्यावर मी आधी रंगच बघतो.

वेबसाइटची तपासणी याहून वेगळी. तिथे यंत्र आधी सगळी पानं फिरून येतं, मग प्रत्येक फॉर्मच्या प्रत्येक चौकटीत नको ते लिहून पाहतं. सर्वांत जुनी युक्ती म्हणजे एकेरी अवतरणचिन्ह. डिसूझा हे आडनाव इंग्रजीत लिहिताना मध्ये तेच चिन्ह येतं, आणि एखाद्या साइटवर डिसूझा आडनावाच्या माणसाचा अर्ज दरवेळी अडकत असेल, तर ती साइट डेटाबेसला पाठवायचा मजकूर नीट गाळत नाही असा संशय घ्यायला हरकत नाही. यंत्र आणखी पुढे जातं. डेटाबेसला पाच सेकंद थांबायला सांगणारा हुकूम ते चौकटीत लिहितं आणि उत्तर नेमकं पाच सेकंद उशिरा आलं, तर दार उघडं आहे असं समजतं. क्वालिसने नेटवर्कनंतर ही वेब तपासणीही आपल्या सेवेत आणली. विद्यार्थ्याला हेच काम पैसे न देता करायचं असेल तर ‘झॅप’ आहे. २०१०मध्ये सायमन बेनेट्स यांनी ‘पॅरोस’ नावाच्या जुन्या साधनावरून ते तयार केलं आणि ओवास्प या संस्थेच्या छायेखाली ते वाढलं.

आता पुन्हा कंपनीच्या गोष्टीकडे. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा किडा सुटला आणि दहाएक मिनिटांत त्याने जगभरातले बहुतांश असुरक्षित सर्व्हर गाठले. एकूण सुमारे ७५,००० यंत्रं बाधित झाली. त्याने वापरलेल्या त्रुटीचा पॅच मायक्रोसॉफ्टने सहा महिने आधी, जुलै २००२मध्येच दिला होता. औषध दुकानात होतं, कुणी आणलंच नव्हतं. याच २००३ साली सुमेध ठाकर क्वालिसमध्ये साधे सॉफ्टवेअर अभियंता म्हणून रुजू झाले. आणि याच वर्षी कंपनीचे तंत्रप्रमुख गेरहार्ड एशेलबेक यांनी लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत एक मांडणी केली. माझ्या लेखी ती क्वालिसने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

क्वालिसकडे तेव्हा ग्राहकांच्या तपासण्यांचे ढीगभर निकाल साचलेले होते. एशेलबेक यांनी त्यावरून एक प्रश्न सोडवला: एखादी गंभीर त्रुटी जाहीर झाल्यापासून निम्मी यंत्रं दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात? किरणोत्सारी पदार्थासारखंच अर्धायुष्य. उत्तर आलं ३० दिवस. त्यानंतरच्या ३० दिवसांत उरलेल्यांपैकी निम्मी, मग त्यांतली निम्मी. शेपूट संपतच नाही. त्यांनी हेही दाखवलं की त्रुटी जितकी कमी तीव्रतेची, तितकं हे आयुष्य लांबतं, आणि काही त्रुटी एकदा गेल्या असं वाटूनही पुन्हा उगवतात, कारण कुणीतरी जुन्या सीडीवरून नवा सर्व्हर उभा करतं. सहा वर्षांनी, २००९मध्ये, त्यांच्या जागी आलेले वोल्फगांग कांडेक यांनी हाच अभ्यास पुन्हा केला. मधल्या काळात साधनं कितीतरी वेगवान झाली होती, पॅच आपोआप येऊ लागले होते. अर्धायुष्य निघालं २९.५ दिवस.

म्हणजे सहा वर्षांत शोधायचा वेग वाढला, दुरुस्तीचा नाही. हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हापासून या क्षेत्राकडे बघायची माझी नजर बदलली. आपण तपासणीवर खर्च करतो, कारण तपासणी विकत घेता येते. दुरुस्तीला माणूस लागतो, रात्री सर्व्हर बंद करायची परवानगी लागते, पॅच बसवल्यावर जुनं सॉफ्टवेअर चाललं नाही तर शिव्या खायची तयारी लागते. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ आला तेव्हा पुन्हा तीच कथा. पॅच १४ मार्चचा, हल्ला १२ मेचा. मध्ये जवळजवळ दोन अर्धायुष्यं. एशेलबेक यांच्या गणिताने तोपर्यंत पाऊण यंत्रं दुरुस्त व्हायला हवी होती. उरलेल्या चतुर्थांशाने इंग्लंडमधली रुग्णालयं बंद पाडली.

२०१०मध्ये क्वालिसने इव्हान रिस्टिच आणि त्यांचं ‘एसएसएल लॅब्ज’ आपल्याकडे आणलं. हे साधन सर्वांसाठी मोफत. कुठल्याही साइटचा पत्ता टाकला की तिच्या कूटलेखनाची परीक्षा होते आणि शाळेतल्यासारखी श्रेणी मिळते, ए प्लसपासून एफपर्यंत. इतर कोणत्याही सुरक्षा रिपोर्टने अधिकाऱ्यांवर इतका परिणाम केलेला मी पाहिलेला नाही. चाळीस पानं न वाचणारा साहेब आपल्या विभागाला ‘एफ’ मिळाला हे कळताच फोन उचलतो.

सप्टेंबर २०१२मध्ये कंपनी नॅस्डॅकवर नोंदली गेली, समभाग १२ डॉलरला विकला गेला. पुढच्या दशकात पुण्याचं कार्यालय वाढत वाढत कंपनीचं सर्वांत मोठं ठिकाण झालं. कंपनीचं मोठं काम आता तिथून होतं. २०१५मध्ये ‘क्लाउड एजंट’ आला: प्रत्येक यंत्रात बसणारा लहानसा प्रोग्राम. बाहेरून दार ठोठावण्याऐवजी आत राहूनच तो काय बदललं ते कळवत राहतो. घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप कार्यालयाच्या नेटवर्कवर कधी येतच नाहीत, त्यामुळे करोनाच्या काळात हीच रचना उपयोगी पडली. ठाकर २०१४मध्ये उत्पादनप्रमुख झाले, २०१९मध्ये अध्यक्ष. २०२१च्या सुरुवातीला कुर्तो आजारपणामुळे बाजूला झाले आणि ठाकर मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुर्तो गेले.

ते वर्ष कंपनीला दुसऱ्या कारणानेही जड गेलं. मार्च २०२१मध्ये क्वालिसने जाहीर केलं की ग्राहकांशी फायलींची देवाणघेवाण करायला ती ‘अ‍ॅक्सेलियन’ या दुसऱ्या कंपनीची एक जुनी प्रणाली वापरत होती आणि तिच्यातून डेटा गेला. त्रुटी कुणालाच माहीत नव्हती, म्हणजे कोणत्याही स्कॅनरच्या यादीत ती असणं शक्यच नव्हतं. दुरुस्ती २१ डिसेंबर २०२० रोजी आली, क्वालिसने दुसऱ्याच दिवशी बसवली, आणि तरीही उशीर झाला होता. ३० दिवसांचं अर्धायुष्य मोजणाऱ्या कंपनीने एका दिवसात पॅच लावला, आणि तेवढंही पुरलं नाही. ती प्रणाली मुख्य नेटवर्कपासून वेगळी ठेवलेली होती, म्हणून नुकसान तिच्यापुरतं राहिलं. तिथे कामी आली ती नेटवर्क आखताना मांडलेली वेगळी चूल.

न माहीत असलेल्या त्रुटी मग सापडतात कशा? याचं उत्तर क्वालिसच्याच दुसऱ्या दालनात आहे. तिथे एक लहान संशोधन चमू जुना, सगळ्यांनी वापरलेला, सगळ्यांनी गृहीत धरलेला कोड ओळीओळीने वाचत बसतो. जानेवारी २०१५मध्ये त्यांनी ‘घोस्ट’ जाहीर केली. लिनक्सच्या मूळ कोड-लायब्ररीत नाव आणि पत्ता जुळवणाऱ्या एका फंक्शनमध्ये ती होती, आणि नोव्हेंबर २०००पासून होती. गंमत म्हणजे २०१३मध्ये कुणीतरी ती ओळ दुरुस्तही केली होती. पण ही सुरक्षेची बाब आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या आवृत्त्यांपर्यंत दुरुस्ती पोहोचलीच नाही. जानेवारी २०२१मध्ये ‘सुडो’ या रोजच्या वापरातल्या हुकुमात जवळपास दहा वर्षं लपलेली त्रुटी निघाली. जानेवारी २०२२मध्ये ‘पॉनकिट’: लिनक्समधल्या एका प्रोग्रामात त्याच्या मे २००९च्या पहिल्या आवृत्तीपासून बसलेली. जुलै २०२४मध्ये ‘रिग्रेशन’: ओपनएसएसएचमध्ये २००६ साली बुजवलेलं भोक २०२०मधल्या एका बदलाने पुन्हा उघडलं होतं.

ही चारही छिद्रं वर्षानुवर्षं रोज स्कॅन होणाऱ्या यंत्रांवर होती. जगातले सगळे स्कॅनर त्यांच्यावरून फिरून गेले, क्वालिसचाही. शोध लागला तो कोड वाचणाऱ्या माणसांना. पण शोध लागल्यावर काय झालं ते पाहा. क्रमांक मिळाला, तपासणीचा नियम लिहिला गेला, आणि काही तासांत लाखो यंत्रांपैकी कोणती बाधित आहेत याची यादी तयार झाली. ते काम माणसांच्या फौजेलाही झालं नसतं. पहिल्यांदा शोधणं हे माणसाचं काम, तेच लाखव्यांदा शोधणं यंत्राचं. २०२४ या एका वर्षात सीव्हीईच्या सुमारे ४०,००० नोंदी झाल्या. १९९९च्या ३२१शी तुलना करा. यंत्राशिवाय आता भागणार नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

भोपाळला मात्र याची दुसरी बाजू फार जवळून दिसलेली आहे. मे २०१८मध्ये राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर जलनिगमाच्या तीन निविदांमध्ये फेरफार झाल्याचं समोर आलं. निविदा रद्द झाल्या, तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला, सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने डिस्कची तांत्रिक तपासणी केली आणि एप्रिल २०१९मध्ये गुन्हा नोंदवला गेला. आरोप असा की निविदा उघडेपर्यंत सीलबंद राहायला हवे होते ते दर आधीच आत शिरून बदलले गेले. दोष कुणाचा, हा न्यायालयाचा विषय. मला इथे तांत्रिक गोष्ट दाखवायची आहे. एखादा वापरकर्ता रीतसर लॉगिनने आत येतो, आपल्याला दिलेल्या अधिकाराने एक आकडा बदलतो आणि सर्व्हर ‘ठीक आहे’ असं उत्तर देतो. यात स्कॅनरला खटकावं असं काही नाही. अवतरणचिन्ह नाही, जुनी आवृत्ती नाही, पाच सेकंदांचा उशीर नाही. हा आकडा आज बदलता यायला नको होता, कारण निविदेची मुदत संपली आहे, हे यंत्राला कुणी सांगायचं?

असाच एक छोटा नमुना नागरी सेवांच्या साइटवर पुष्कळदा सापडतो. करदात्याच्या पानाच्या पत्त्यात मालमत्तेचा क्रमांक असतो. शेवटचा आकडा एकने वाढवला की शेजाऱ्याचं पान उघडतं, त्याच्या फोन नंबरसकट. यंत्राच्या दृष्टीने दोन्ही पानं व्यवस्थित चालतात. कोणतं पान कुणाचं, हे त्याला माहीत नसतं. ते कळायला नगरपालिकेचं काम कसं चालतं हे समजणारा, दोन वेगळ्या नावांनी लॉगिन करून धीराने पाहणारा माणूस लागतो. यंत्राची तपासणी आणि माणसाची तपासणी या दोन्हींना मिळून आपल्याकडे व्हीएपीटी म्हणतात आणि निविदेतही तसंच लिहितात. सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं, आणि त्या दरात माणसाचे दिवस बसत नाहीत. मग फक्त यंत्र चालतं, त्याचा रिपोर्ट नव्या मुखपृष्ठाखाली जातो. ही प्रामाणिक तपासनीसांचीही कुचंबणा आहे. अनेक चांगली मुलं या कामाला कंटाळून दुसरीकडे गेलेली मी पाहिली आहेत.

नियम नाहीत असं नाही. सर्ट-इन जानेवारी २००४पासून काम करतं आहे. त्याच्या यादीतल्या तपासनीसाकडून ऑडिट झाल्याशिवाय सरकारी साइट चढवायची नाही, ही रीत जुनी आहे. त्यासाठी मिळणाऱ्या कागदाला सगळे ‘सेफ टू होस्ट’ म्हणतात. २८ एप्रिल २०२२च्या आदेशाने घटना कळल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला कळवणं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवणं बंधनकारक झालं. २०२५च्या मार्गदर्शक सूचनांनी वर्षातून किमान एकदा ऑडिट करायला सांगितलं. ई-निविदा प्रकरणानंतर मध्य प्रदेशानेही निविदांसाठी एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेची प्रणाली घेतली. ही पावलं योग्यच आहेत. माझी तक्रार एवढीच की सेफ टू होस्टचा कागद ज्या दिवशीच्या तपासणीवर मिळतो, त्या दिवसापुरताच तो खरा असतो. दुसऱ्या दिवशी नवी शंभरेक सीव्हीई जाहीर होतात.

मॅनिटमध्ये किंवा भोपाळच्या इतर महाविद्यालयांत शिकणाऱ्या आणि हे काम करू पाहणाऱ्या मुलांना एक गोष्ट निक्षून सांगायला हवी. एनमॅप आणि झॅप फुकट मिळतात, म्हणून ते कुठेही चालवायचे नसतात. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या प्रणालीत शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २०००च्या कलम ४३खाली येतं, हेतू कितीही चांगला असला तरी; ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६खाली गुन्हाही ठरतो. सरावासाठी मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या साइट आहेत, ओवास्पची ‘ज्यूस शॉप’ त्यांतली एक. ती स्वतःच्या लॅपटॉपवर उभी करावी आणि हवी तेवढी तोडावी. आधी हाताने, मग यंत्राने. यंत्राच्या यादीत काय आलं नाही ते शोधण्यात खरं शिक्षण आहे.

आणि सरकारी विभागांतल्या मंडळींसाठीही एक गोष्ट. क्वालिसच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक त्रुटीपुढे काही चौकटी असतात: पहिल्यांदा कधी सापडली, शेवटची कधी दिसली, एकूण किती वेळा सापडली, आणि सध्याची स्थिती, म्हणजे नवी, चालू, दुरुस्त की पुन्हा उगवलेली. अर्धायुष्याचं गणित अशाच नोंदींवर उभं राहतं. रोज किंवा निदान दर आठवड्याला तपासणी होत असेल, तर या चौकटी बोलतात. कुठल्या विभागात त्रुटी चार दिवसांत मिटते, कुठे चार महिने तशीच पडून राहते, कुठला कंत्राटदार जुनाच सर्व्हर नव्या नावाने पुन्हा उभा करतो, हे तिथे तारखेसकट दिसतं. निविदेत ‘ऑडिट करावे’ याच्या शेजारी ‘लाल त्रुटी इतक्या दिवसांत मिटवून फेरतपासणी दाखवावी’ ही एक ओळ घातली, तर नवं साधन विकत न घेताही फरक पडेल. वर्षातून एकदाच, तेही दरवेळी नव्या तपासनीसाच्या नव्या खात्यातून, स्कॅन करून घेणाऱ्या कार्यालयाच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘किती वेळा सापडली’ या चौकटीत सगळीकडे १ हाच आकडा असतो आणि प्रत्येक त्रुटीची स्थिती ‘नवी’ अशी छापून येते, मग ती त्या सर्व्हरवर कितीही वर्षं असो.